दवाखान्यातली गर्दी कशी मोजायची, कशी सोडवायची: सिस्टम्स इंजिनिअरिंग, अगदी नवख्यांसाठी

मी मूळचा फॅक्टरीवाला. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या लाईनवर नऊ वर्षं काढली, मग एका ओळखीच्यांनी त्यांच्या ट्रस्टच्या दवाखान्यात "जरा गर्दीचं बघ रे काहीतरी" म्हणून बोलावलं आणि तिकडेच अडकलो. आता दर महिना-दोन महिन्यांनी कुणीतरी इंजिनिअरिंगचा मुलगा किंवा हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकणारी मुलगी विचारते, की सर हे सिस्टम्स इंजिनिअरिंग दवाखान्याला लावायचं म्हणजे नेमकं करायचं काय, कुठलं सॉफ्टवेअर शिकू. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. सॉफ्टवेअर कुठलंच लागत नाही हो सुरुवातीला, एक मनगटी घड्याळ, एक खिशात मावेल अशी डायरी आणि बाकावर बसून राहायची चिकाटी लागते.

आधी शब्दाची भीती घालवू. डॉक्टर हुशार आहेत, लॅबवाला कामाचा आहे, औषधांच्या खिडकीवरचा माणूस झटपट आहे, तरी पेशंटचा अख्खा दिवस जातो. का? कारण वेळ टेबलावर जात नाही, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना जातो. कागद जातो, सॅम्पल जातं, रिपोर्ट येतो, पेशंट फिरतो, आणि या सगळ्या सांध्यांचं मालक कुणीच नसतं. ते सांधे बघणं म्हणजे आपलं काम. बाकी सगळी पुस्तकी व्याख्या परीक्षेपुरती.

आणि हे काही परवा अमेरिकेतून आलेलं फॅड नाही बरं का. फ्रँक गिल्ब्रेथ नावाचा माणूस १९१० च्या दशकात ऑपरेशन थिएटरमधे सर्जनच्या हालचाली मोजत उभा होता. त्याला दिसलं की सर्जनचा बराच वेळ अवजार शोधण्यात जातो, म्हणून त्याने सुचवलं की शेजारी उभ्या माणसाने अवजार सर्जनच्या तळहातावर ठेवावं. आज सिनेमात "सिझर्स" म्हणून हात पुढे करतात ना, त्याच्या मुळाशी गवंडीकामातून आलेला माणूस आहे, गिल्ब्रेथने सुरुवात विटा रचण्यापासून केली होती. पुढे २००५ मधे अमेरिकेतल्या इंजिनिअरिंगच्या आणि मेडिसिनच्या राष्ट्रीय अकादम्यांनी एकत्र बसून अख्खा रिपोर्टच काढला, की इंजिनिअर आणि डॉक्टर एकत्र आल्याशिवाय हे सुटायचं नाही. असो. कामाला लागू.

पहिलं: एकच रांग धरा

"मी हॉस्पिटल सुधारणार आहे" असं म्हणत जाणारा माणूस तीन महिन्यांनी एक सुंदर पीपीटी घेऊन बाहेर पडतो, बाकी काही होत नाही. एकच रांग निवडा. माझी कायमची शिफारस, शुगरच्या फॉलोअप पेशंटची ओपीडी. तेच पेशंट महिन्या-दोन महिन्यांनी परत येतात, त्यामुळे तुम्ही काही बदललं तर तेच तुम्हाला सांगतात बरं झालं का वाट लागली. इमर्जन्सी, आयसीयू वगैरेला पहिल्या वर्षी हात लावू नका. तिथे चूक महागात पडते, आणि ती तुम्हाला नाही, दुसऱ्याला.

दुसरं: आधी इनचार्ज सिस्टरला भेटा

परवानगी डीनची किंवा ट्रस्टींची घ्यायचीच, ती कागदावर घ्या. पण काम चालतं ते इनचार्ज सिस्टरच्या जोरावर. मी पहिल्या आठवड्यात पांढरा शर्ट घालून, हातात क्लिपबोर्ड घेऊन कोपऱ्यात उभा राहिलो, सगळ्यांना वाटलं ऑडिटवाला आला. आठवडाभर सगळे वेळेत, लॅबचे रिपोर्ट पटापट, एक मावशी तर मला बघून दोनदा फरशी पुसून गेल्या. त्या आठवड्याचा सगळा डेटा कचऱ्यात.

आता मी पेशंटच्या बाकावर बसतो, चप्पल घालून. सिस्टरना पहिल्याच दिवशी सांगतो की सिस्टर मी माणसं मोजायला आलो नाही, कागद मोजायला आलोय, कुणाचं नाव कुठे लिहिणार नाही. आणि खरंच लिहायचं नाही. पेशंटचं नाव नाही, आजार नाही, केसपेपरचा फोटो तर अजिबात नाही. "पेशंट १४, बाई, साठीच्या पुढे" एवढं पुरतं.

सिस्टरकडे एक वही असते, बहुतेक लांबट, पुठ्ठ्याची, कडेला दोरीने पेन बांधलेलं. त्यात त्यांनी स्वतःच्या सोयीने काय काय लिहिलेलं असतं, कुणाचा रिपोर्ट यायचाय, कुणाला इन्सुलिन संपलं म्हणून उधार दिलं. नवखा इंजिनिअर ही वही बघून म्हणतो अरे हे डिजिटल करू. थांबा! जिथे जिथे अशी वही आहे तिथे तिथे सिस्टीममधे भोक आहे आणि ते सिस्टरने बोटाने बुजवलंय असं समजा. आधी भोक शोधा, मग वहीला हात लावा.

तिसरं: एका केसपेपरच्या मागे मागे फिरा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच सगळे टाळतात, कारण पाय दुखतात. एक पेशंट निवडा, विचारून, आणि तो आत आल्यापासून गेटबाहेर पडेपर्यंत त्याच्या सोबत राहा. मी पहिल्यांदा एका आजींच्या मागे फिरलो होतो, त्यांचं वेळापत्रक डायरीतून जसंच्या तसं देतो.

७:२० ला आल्या, उपाशीपोटी. खिडकी ८ ला उघडते. ८:२५ ला केसपेपर हातात, खिडकीवरचं काम २ मिनिटांचं. ८:५० ला उपाशीपोटीचं रक्त घेतलं, ३ मिनिटं. ९ वाजता पिशवीतली भाकरी खाल्ली, कारण जेवल्यावर दोन तासांनी परत रक्त द्यायचं. ११:०५ ला ते दिलं, परत ३ मिनिटं. रिपोर्ट ११:५० ला तयार झाला, हे मी लॅबमधे जाऊन बघितलं, आणि तो ट्रेमधे पडून राहिला. १२:४० ला ओपीडीत पोचला. १:१५ ला डॉक्टरांनी बघितलं, ४ मिनिटं. १:४० ला औषधं, २ मिनिटं.

बेरीज करा. सहा तास वीस मिनिटं म्हणजे ३८० मिनिटं, त्यात कुणीतरी आजींसाठी प्रत्यक्ष काही केलं ती १४ मिनिटं. दोन तास शुगरच्या तपासणीसाठी थांबणं भागच होतं असं धरलं तरी चार तासांच्या वर वेळ नुसता सांध्यांत गेला. आणि बाकावर बसलेला प्रत्येक जण शिव्या कुणाला देत होता? डॉक्टरांना, "एवढा उशीर लावतात". त्यांच्या दारात आजी ३५ मिनिटं थांबल्या, पण त्याआधी रिपोर्ट ट्रेमधे ५० मिनिटं झोपला होता ते कुणालाच माहीत नाही. लॅबला वाटतं आपण रिपोर्ट काढला, काम झालं. ओपीडीला वाटतं लॅबने अजून दिला नाही. मधे ट्रे. ट्रे नेणाऱ्या मावशी इतर वॉर्डांचीही कामं करत होत्या आणि सगळे रिपोर्ट साठले की एकदाच नेत होत्या, जे त्यांच्या बाजूने अगदी बरोबर आहे, दोन जिने आहेत मधे.

असे आठ-दहा पेशंट करा, वेगवेगळ्या वारी. मग एका मोठ्या कागदावर आडवी रेघ मारून टेबलं लिहा, आणि दोन टेबलांच्या मधल्या जागेत मिनिटं लिहा, लाल पेनाने. तो कागद सिस्टर, लॅब, फार्मसी सगळ्यांना एकत्र बसवून दाखवा. एकट्या डॉक्टरांना दाखवू नका, ते सगळ्यात घाईत असतात आणि लगेच उपाय सांगतात.

इथेच एक प्रश्न विचारून घ्यायचा, ही पायरी लागतेच का? म्हणजे प्रत्येक फॉलोअपला दोनदा रक्त हवंच का, का कुणाला तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी पुरेल. पण लक्षात ठेवा, हा प्रश्न विचारायचा अधिकार तुमचा, उत्तर द्यायचा डॉक्टरांचा. तिथे आपण गप्प बसायचं.

चौथं: डोकी मोजा

सगळ्यांच्या मागे फिरता येत नाही, म्हणून एक जादूचं सूत्र वापरा. जॉन लिटल यांनी १९६१ मधे त्याची सिद्धता दिली, म्हणून लिटलचा नियम. आत असलेली सरासरी डोकी म्हणजे दर तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम, बास एवढंच. यातल्या दोन गोष्टी माहीत असल्या की तिसरी फुकट मिळते.

ओपीडीला हे फार मस्त बसतं कारण ओपीडी सकाळी रिकामी असते आणि दुपारी परत रिकामी होते. दर पंधरा मिनिटांनी डोकी मोजा, सरासरी काढा. समजा ८ ते २ असे सहा तास, सरासरी ७० पेशंट आत, आणि दिवसभरात एकूण १४० केसपेपर निघाले. ७० गुणिले ६ म्हणजे सगळ्यांचे मिळून ४२० तास, भागिले १४० पेशंट, म्हणजे माणशी तीन तास. कुणाला एक शब्द न विचारता, स्टॉपवॉच न लावता.

गोम एकच आहे. आपल्याकडे पेशंट एकटा येत नाही. सोबत सून असते, नातू असतो, गावचा एखादा "मी बोलतो डॉक्टरांशी" वाला असतो. पहिल्यांदा मी सगळी डोकी मोजली आणि मुक्काम सात तासांचा आला, ओपीडीच सहा तासांची होती! तेव्हापासून हातात केसपेपर असलेलं डोकं तेवढंच मोजतो. आणि जो सकाळी आठच्या आधी येऊन दारात बसतो तोही मोजायचा, त्याचा वेळ काय फुकटचा नाही.

पाचवं: अडलंय कुठे ते शोधा, नाहीतर माझ्यासारखं होईल

मला सुरुवातीला केसपेपरच्या खिडकीवरची रांग दिसली, गेटबाहेर गेलेली. फॅक्टरीचा माणूस, लगेच दुसरी खिडकी उघडायला लावली. रांग पंधरा मिनिटांत गायब, ट्रस्टी खूश, फोटो काढले. तासाभराने डॉक्टरांच्या दारात एवढी झुंबड की एक म्हातारे गृहस्थ चक्कर येऊन बसले. डॉक्टरांनी मला आत बोलावून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मी रांग कमी केली नव्हती, पंख्याखालून उचलून उन्हात नेऊन ठेवली होती.

साखळीत जे टेबल सगळ्यात तंग आहे त्याच्या वेगानेच सगळं चालतं. इतर कुठेही वेग वाढवला तर ढीग फक्त जागा बदलतो. तंग टेबल कोणतं ते ओळखायची सोपी खूण, त्याच्या आधी नेहमी गर्दी आणि त्याच्या पुढचा माणूस मोबाईल बघत बसलेला.

आता थोडं गणित, पण हे कळलं की डोळे उघडतात. डेन्मार्कमधे ए. के. एरलांग यांनी १९०९ मधे टेलिफोन एक्स्चेंजसाठी या रांगांच्या गणिताचा पाया घातला. पुढे त्यातूनच आलेलं सगळ्यात साधं मॉडेल घ्या. डॉक्टर एका पेशंटला सरासरी पाच मिनिटं देतात, आणि लोक आपापल्या मर्जीने कधीही येतात. डॉक्टर ८० टक्के वेळ कामात असतील तर पेशंटला सरासरी २० मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्के झालं की ४५ मिनिटं. ९५ टक्के झालं की ९५ मिनिटं. म्हणजे नव्वदच्या पुढच्या पाच टक्क्यांत थांबणं दुपटीपेक्षा जास्त! ट्रस्टी जेव्हा म्हणतात की डॉक्टर एक मिनिट रिकामे बसता कामा नयेत, तेव्हा हे आकडे त्यांच्यापुढे ठेवा. सगळे सतत बिझी ठेवले की पेशंट बाहेर तिष्ठत बसणार, हा कुणाचा आळस नाही, हिशोबच तसा आहे.

तंग टेबलाचं करायचं काय याचं आपल्या देशातलं सगळ्यात भारी उदाहरण मदुराईचं अरविंद नेत्रालय. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी १९७६ मधे ११ खाटांवर सुरू केलेलं. तिथे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सर्जनच्या शेजारी दोन टेबलं. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावरचा पेशंट तयार होतो, एक संपलं की मायक्रोस्कोप फिरवायचा आणि दुसरं सुरू. सर्जनचे हात हे तंग टेबल, म्हणून बाकी सगळं त्या हातांभोवती रचलं. सर्जनला जास्त पळवलं नाही, त्याचं थांबणं काढून टाकलं.

सहावं: कुणाला काय हवंय ते त्यांच्याच तोंडून ऐका

याला पुस्तकात रिक्वायरमेंट म्हणतात. "पेशंटला दर्जेदार सेवा मिळावी" ही रिक्वायरमेंट नाही, ते बोर्डावर लिहायचं वाक्य आहे. मोजता येईल असं लिहा, आणि ज्या दिवशी लिहाल त्याच दिवशी ते तपासणार कसं तेही शेजारी लिहा. सिस्टम्स वाले इंग्रजी व्ही अक्षराचं चित्र काढतात ना, डावीकडून खाली उतरत गरजा लिहायच्या आणि उजवीकडून वर चढत एकेक तपासायची, त्याचा अर्थ एवढाच.

आजींना मी विचारलं, किती वेळ लागला तर चालेल? त्यांनी मिनिटं सांगितलीच नाहीत. म्हणाल्या, "दीडची यष्टी गावली पायजे बाबा, नायतर मग संध्याकाळचीच." झालं, हीच रिक्वायरमेंट. "फॉलोअपच्या दहातल्या नऊ पेशंटच्या हातात सव्वा वाजता औषधं." सरासरी मुक्काम तीन तासांवरून अडीच केला पण दीडची बस चुकली तर आजींसाठी काही बदललं नाही. सरासरी हा मॅनेजमेंटचा आकडा आहे, एसटी सरासरीने सुटत नाही.

आणि विचारल्याशिवाय आपण कसे फसतो बघा. एका ठिकाणी आम्ही टोकनचा लाल आकड्यांचा डिस्प्ले लावला, छान उंचावर, सगळ्यांना दिसेल असा. शेजारी डोळ्यांची ओपीडी. मोतीबिंदू झालेल्या माणसाला आपण वीस फुटांवरचा आकडा वाचायला सांगतोय हे लावून झाल्यावर पाच दिवसांनी एका वॉर्डबॉय मामांच्या लक्षात आलं. ते मामा मग स्वतःच नंबर ओरडत होते, डिस्प्लेखाली उभे राहून.

याच्या उलट गडचिरोली बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने शोधग्रामला दवाखाना बांधला तो आदिवासींना विचारून, झोपड्यांसारख्या घरांचा, आणि नाव त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. मोठ्या चकचकीत इमारतीची त्यांना भीती वाटायची. आणि बाळाला न्यूमोनिया झालाय का हे ओळखायला श्वास मोजावे लागतात, मिनिटाला अमुकच्या वर गेले की धोका. पण मोजणाऱ्या गावातल्या सुईणींना तेवढे आकडे येत नव्हते. मग त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं यंत्र केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. शंभरपर्यंत मोजता यायची गरजच काढून टाकली. घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायच्या त्यांच्या पद्धतीने त्या गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला, हे १९९९ मधे लॅन्सेटमधे छापून आलं. मला विचाराल तर मराठी मुलखात सिस्टम्स इंजिनिअरिंगचा यापेक्षा चांगला नमुना नाही, आणि ते दोघंही इंजिनिअर नाहीत.

सातवं: बदल छोटा, एका टेबलावर, एका दिवसापुरता

सोमवारपासून सगळीकडे नवीन पद्धत असा फतवा काढू नका. एक डॉक्टर, एक वार, एक बदल. करा, मोजा, जमलं तर पुढचा सोमवार, नाही जमलं तर गुपचूप मागे घ्या, कुणाची इज्जत जात नाही.

आमचा पहिला बदल ट्रेचाच होता. ओपीडीच्या दिवशी रिपोर्ट साठेपर्यंत न थांबता ठरलेल्या वेळी चार फेऱ्या. खर्च शून्य. पण मावशींना "जास्त फेऱ्या मारा" म्हणून सांगून चालणार नव्हतं. त्यांचं दुसऱ्या वॉर्डातलं एक काम काढून घेतलं तेव्हा कुठे जमलं. फुकटच्या बदलाची किंमत कुणीतरी पायाने मोजत असतं, ते बघायला विसरू नका.

दुसरा, "नुसता रिपोर्ट दाखवायचाय" वाल्यांची वेगळी रांग. हे लोक नव्या पेशंटच्या मधे घुसतात, भांडणं होतात, आणि प्रत्येक भांडणाला डॉक्टरांची दोन मिनिटं जातात.

तिसरा, वेळा देणं. सगळ्यांना आठला बोलावलं की सगळे आठला येणार, यात नवल काय. इंग्लंडमधे नॉर्मन बेली यांनी १९५२ मधेच हिशोब मांडला होता, की सुरुवातीला दोन पेशंट बोलावून ठेवा आणि पुढच्यांना सरासरी तपासणीच्या अंतराने एकेक वेळ द्या, म्हणजे डॉक्टरही रिकामे नाहीत आणि बाकही ओसंडत नाही. आपल्याकडे हे जसंच्या तसं चालत नाही कारण माणूस येतो बसच्या वेळेला. म्हणून आम्ही वेळा बसवर बांधल्या, अमुक गावची गाडी साडेदहाला लागते तर त्या गावच्यांना अकराची वेळ. एसटी स्टँडवर जाऊन टाईमटेबल उतरवून आणलं, ते माझ्या सगळ्या एक्सेल शीटपेक्षा जास्त कामाला आलं. उपाशीपोटी रक्त द्यायचं असलेल्यांना अर्थात हे लागू नाही, त्यांची पहिली गाडीच.

आठवं: चुकलं तर काय, हे आधीच बसून लिहा

वेग वाढला की चुकाही वेगाने होतात. म्हणून प्रत्येक पायरीपुढे तीन प्रश्न. इथे जे चुकू शकतं ते किती वेळा चुकेल, चुकलं तर किती वाईट, आणि चुकल्याचं वेळेत कळेल का. फॅक्टरीत याला एफएमईए म्हणतात, प्रत्येक प्रश्नाला १ ते १० गुण देऊन गुणाकार करतात. गुणाकारावर फार जीव टाकू नका, ज्याचं "किती वाईट" ९-१० आहे ते गुणाकार कितीही येवो, आधी घ्या.

आमच्याकडे सगळ्यात वर आली ती सॅम्पलची अदलाबदल. एका दिवशी तीन सुनीता, दोन एकाच आडनावाच्या. लॅबमधला पोरगा सकाळी वेळ वाचवायला सगळ्या ट्यूबवर आधीच नावं चिकटवून ठेवायचा. चांगल्या मनाने करायचा. पण ट्यूबवर लेबल लावायचं ते रक्त घेतल्यावर, पेशंटच्या समोरच, आणि पेशंटला "तुम्ही सुनीता ना" असं नाही विचारायचं, कारण घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "नाव सांगा, केसपेपरचा नंबर दाखवा" असं म्हणायचं.

"काळजीपूर्वक काम करा" अशी पाटी लावणं हा उपाय नव्हे. चूक करायचीच सोय ठेवू नका. भूल देण्याच्या मशीनवर बघा, ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर नायट्रस ऑक्साईडच्या जागी बसतच नाही, कारण दोन्हींच्या पिना वेगळ्या जागी आहेत. सिलेंडरचे रंगही वेगळे असतात, पण रात्री तीन वाजता रंगावर कोण विसंबणार, पिन झोपत नाही.

चेकलिस्टबद्दल दोन्ही बाजू सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनची चेकलिस्ट, १९ मुद्दे, भूल द्यायच्या आधी, चीर घ्यायच्या आधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी वाचायची. नवी दिल्ली धरून आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती लावली, आणि २००९ मधे आलेल्या निष्कर्षात मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर आली होती. जबरदस्त. मग कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात शंभरावर हॉस्पिटलांत ती लागू झाली, आणि २०१४ च्या अभ्यासात मृत्यूत म्हणावा असा फरकच दिसला नाही. कागद तोच. माझं मत, जिथे लोक ती थांबून, मोठ्याने, एकमेकांकडे बघून वाचतात तिथे ती काम करते, आणि जिथे दुपारी चहाबरोबर दिवसभराच्या टिका मारतात तिथे ती रद्दी. तुमच्या दवाखान्यात काय होतं हे बघायचं असेल तर सही किती वाजताची आहे ते बघा.

मधेच एक: दवाखान्याबाहेर

हीच पद्धत सेतू केंद्राला, शाळेच्या ॲडमिशनला, वृद्धाश्रमाला, कुठेही चालते, तीच डोकी मोजायची, तेच सांधे. रांगेतल्या माणसाला कसं वागवायचं हे शिकायचं असेल तर मी सगळ्यांना शेगावला पाठवतो, गजानन महाराजांच्या मंदिरात. तिथली स्वच्छता आणि सेवेकऱ्यांचं बोलणं बघून या. थांबावं तिथेही लागतं, पण आपण कुठे आहोत, पुढे काय आहे हे माणसाला कळत असतं, म्हणून तो चिडत नाही. आमच्या ओपीडीत आम्ही यावरून एक फळा लावला, "आत्ता अकराच्या वेळेचे पेशंट आत, डॉक्टर २५ मिनिटं मागे". खडूने. डोळ्यांच्या ओपीडीपासून लांब, आणि मामा तो अधूनमधून मोठ्याने वाचतात.

शेवटचं: तुम्ही गेल्यावर कोण बघणार

तुमचा प्रोजेक्ट सहा महिन्यांचा, दवाखाना कायमचा. निघायच्या आधी प्रत्येक बदलापुढे एक माणूस लिहा, नाव नाही, पद लिहा, कारण माणसं बदलतात. आणि तीन महिन्यांनी न सांगता परत या, बाकावर बसा, परत डोकी मोजा.

मी तसा परत गेलो होतो. फळा होता, वेगळी रांग होती, आणि रिपोर्ट परत ट्रेमधे साठलेले. जुन्या मावशींची बदली दुसऱ्या मजल्यावर झाली होती, नव्या मावशींना कुणी चार फेऱ्यांचं सांगितलंच नव्हतं, ते फक्त माझ्या रिपोर्टच्या पान १७ वर होतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय म्हाईत, ट्रेवर कुठं लिवलंय?" बरोबर होतं त्यांचं. त्याच दुपारी मामांकडून लाल ऑईलपेंट आणला आणि ट्रेच्या चारही कडांवर वेळा रंगवल्या, एका कडेवर एक. फेरी झाली की ट्रे वळवून ठेवायचा, पुढची वेळ समोर येईल असा. ही वळवायची आयडिया नव्या मावशींचीच, मी चारही वेळा एकाच बाजूला लिहिणार होतो.